ऑर्केस्ट्रासाठी निधी उभारताना नक्की कशाचे पैसे मागायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात लहानपणापासून व्हायोलिन शिकलात, अमेरिकेत येऊन कलासंस्था व्यवस्थापनात मास्टर्स केलंत आणि आता एका मध्यम आकाराच्या सिंफनी ऑर्केस्ट्राच्या डेव्हलपमेंट म्हणजे निधी उभारणीच्या विभागात, अ‍ॅन्युअल फंडची (दरवर्षीच्या लहान-लहान देणग्या गोळा करण्याची) नोकरी समोर आली आहे. घरून ऐकावं लागतंय की वर्गणीच गोळा करायची होती तर एवढं शिकायला परदेशी कशाला गेलीस. तुमची स्वतःची धास्ती वेगळी आहे: वयाने, पैशाने मोठ्या, अनोळखी अमेरिकन माणसांपुढे पैसे मागायला जीभ रेटेल का? शिवाय यात पुढे करिअर आहे का, कमिशन मिळतं का आणि उद्या मुंबईला परतलात तर हा अनुभव कामाला येईल का, हेही विचारलंत.

मी मध्यपश्चिम अमेरिकेतल्या एका ऑर्केस्ट्रात याच विभागात आहे. सुरुवात अ‍ॅन्युअल फंडापासूनच केली. आता मोठ्या देणग्या आणि मृत्युपत्रातून येणाऱ्या देणग्या बघते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नव्याने रुजू होणारे जवळजवळ सगळेच आधी जीभ रेटण्याबद्दल विचारतात. माझा अनुभव असा आहे की लाजेमुळे अडखळणारे थोडे असतात. बहुतेकांना आपण हे पैसे कशासाठी मागतो आहोत तेच नीट ठाऊक नसतं, म्हणून शब्द फुटत नाहीत. ‘कलेला पाठिंबा द्या’ असं म्हणताना कोणालाही अवघडल्यासारखं होईल, कारण त्यात समोरच्याला काही सांगितलेलंच नाही. या कामातली मूळ अडचण एवढीच आहे: देणाऱ्याला डोळ्यांना दिसेल अशी गोष्ट द्यायची असते आणि ऑर्केस्ट्राला लागतात तालमीचे तास. हे अंतर कसं भरून काढायचं ते कळलं की मागणं बरंच सोपं होतं.

आधी खर्चाचं गणित समजून घ्या, कारण प्रत्येक देणगीदार ते कधी ना कधी विचारतोच. चेक संगीतकार ड्वोर्झाक याची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने कार्नेगी हॉलमध्ये डिसेंबर १८९३ मध्ये पहिल्यांदा वाजवली. तिला चाळीस-एक मिनिटं लागतात. तेव्हाही तेवढीच लागत होती आणि तेव्हाही साधारण तेवढेच वादक लागत होते. या सव्वाशे-दीडशे वर्षांत कारखान्यात, शेतात, बँकेत यंत्रं आली, एकेका माणसाच्या हातून होणारं काम कितीतरी पटींनी वाढलं आणि त्या जोरावर पगारही वाढले. वादकालाही त्याच शहरात घर घ्यायचं असतं, मुलांना शिकवायचं असतं, म्हणून त्याचा पगार इतरांच्या बरोबरीने वाढावाच लागतो. पण सिंफनी अर्ध्या वादकांत किंवा अर्ध्या वेळात उरकता येत नाही. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी हे १९६६ मध्येच नीट मांडून दाखवलं. तुमच्या कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की तिकिटं आणि खर्च यांच्यातली तूट हा गैरकारभाराचा पुरावा नसतो. संस्था उत्तम चालली असली तरी ती राहते आणि हळूहळू वाढतही जाते. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या ऑर्केस्ट्रांत तिकिटांतून निम्माही खर्च निघत नाही. तिकीट दुप्पट केलं तर खुर्च्या रिकाम्या राहतात. सभागृह भरलं की त्या रात्रीची कमाल कमाई ठरून गेली.

आपल्याकडच्या माणसाला हे पटवताना मी मैफलीचं उदाहरण देते. गायक, तबला, पेटी, मागे तानपुऱ्यावर दोन शिष्य: एवढ्यांत ख्यालाची अख्खी मैफल उभी राहते. एखादं रसिक कुटुंब मनात आणेल तर घरच्या दिवाणखान्यात ती करू शकतं. ऑर्केस्ट्राला ऐंशी माणसं लागतात, ती वर्षभर एकत्र वाजवत असावी लागतात आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी त्यांच्या ठरलेल्या तालमी व्हाव्या लागतात. त्यामुळे आश्रयदात्यांची आपली जुनी पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही.

ती चालवून पाहिलेली आहे. बोस्टन सिंफनी १८८१ मध्ये हेन्री ली हिगिन्सन या बँकरने उभी केली आणि पुढची सुमारे साडेतीन दशकं तिची तूट तो स्वतःच्या खिशातून भरत राहिला. असा माणूस मिळाला तर उत्तमच. पण ड्वोर्झाकचंच बघा. त्याला न्यूयॉर्कला आणलं ते जेनेट थर्बर या बाईंनी, आपल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयाचा संचालक म्हणून, वर्षाला १५ हजार डॉलर पगारावर. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. मग १८९३ ची आर्थिक मंदी आली, थर्बर कुटुंबाच्या किराणामालाच्या घाऊक व्यापाराला फटका बसला आणि ड्वोर्झाकचा पगार थकला. एका घरावर विसंबून राहिलं की त्या घराचा व्यवसाय हीच तुमची जोखीम होऊन बसते. ज्या विभागात तुम्ही जाणार आहात तो म्हणूनच असतो: हजारो लोकांनी थोडं थोडं, दरवर्षी देत राहावं म्हणून. मोठ्या देणगीला नाव मिळतं, फोटो मिळतो. संस्था तरते ती अ‍ॅन्युअल फंडावर. घरच्यांना वर्गणी म्हणायची असेल तर खुशाल म्हणू द्या. दरवर्षी वर्गणी देणारी घरं असतात म्हणूनच गणपती बसतो, हे त्यांनाही माहीत आहे.

आता दिसणारी गोष्ट आणि न दिसणारे तास यांच्याकडे वळू. लोक इमारतीला पैसे देतात. नव्या लॉबीला देतात, ऑर्गनला देतात, निधीसाठी भरवलेल्या ‘गाला’ मेजवानीला देतात. मिनेसोटा ऑर्केस्ट्रात काय झालं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावं. ऑक्टोबर २०१२ मध्ये करार संपल्यावर व्यवस्थापनाने वादकांना मोठी पगारकपात सुचवली, बोलणी फिसकटली आणि वादकांना कामावर येणंच बंद करण्यात आलं. हे जानेवारी २०१४ पर्यंत चाललं. त्याच काळात ऑर्केस्ट्राच्या सभागृहाचं सुमारे ५ कोटी डॉलरचं नूतनीकरण पूर्ण झालं. नवं सभागृह उघडलं तेव्हा त्यात वाजवायला वादक नव्हते. संगीत संचालक ओस्मो व्हॅन्स्का यांनी मध्येच राजीनामा दिला आणि तंटा मिटल्यावर ते परत आले. त्या वादात कोण किती चुकलं याबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत, त्यात मी शिरत नाही. पण इमारतीसाठी आलेला पैसा कायद्याने इमारतीलाच खर्च करावा लागतो, तो पगाराकडे वळवता येत नाही, हे त्यातून जेवढं उघड झालं तेवढं क्वचितच कशातून झालं असेल.

फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं तेव्हाही बाहेरच्या माणसाला प्रश्न पडायचा की यांचा तर कोट्यवधींचा कायम निधी आहे, मग दिवाळं कसं? कायम निधी म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. त्यातली मुद्दल दात्यांच्या अटींनी बांधलेली असते. साधारण गेल्या तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या चार-पाच टक्के एवढंच वर्षाला काढायचं, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो. १ कोटीचा निधी म्हणजे वर्षाला चार-पाच लाख. हे गणित पहिल्या आठवड्यातच पाठ करा, कारण ‘तुमच्याकडे एवढे पैसे असताना माझे शंभर डॉलर कशाला?’ हा प्रश्न तुम्हाला फोनवर सतत येणार आहे.

तासांना पैसे कसे मिळवायचे याची माझी पद्धत अशी आहे: तालमीची किंमत काढायची आणि ती उघड सांगायची. इथल्या वादकांच्या करारात कामाचं माप ‘सर्व्हिस’ हे असतं. एक तालीम किंवा एक प्रयोग म्हणजे एक सर्व्हिस, आणि तालीम बहुधा अडीच तासांची. समजा, वादकांचे पगार, आरोग्यविमा आणि पेन्शन धरून वर्षाला ९० लाख डॉलर लागतात आणि वर्षात ३०० सर्व्हिस होतात. मग एक सर्व्हिस ३० हजारांना पडली आणि तालमीचं एक मिनिट २०० डॉलरला. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. तुमच्या संस्थेचे फायनान्स विभागाकडून घ्या आणि त्यांच्याकडून तपासूनही घ्या. पण मिनिटाचा दर हाताशी आला की शंभर डॉलर देणाऱ्या शिक्षिकेलाही तुम्ही नेमकं सांगू शकता की तिच्या देणगीतून किती वेळ वाजलं.

सांगण्याहून दाखवणं जास्त परिणामकारक. आमच्याकडे काही देणगीदारांना सकाळच्या तालमीला बसू देतात. एकदा एका निवृत्त इंजिनियरला घेऊन मी मागच्या रांगेत बसले होते. तालीम ‘न्यू वर्ल्ड’चीच होती. दुसऱ्या भागाच्या आरंभी क्लॅरिनेट, बासून आणि पितळी वाद्यं मिळून अगदी हळू आवाजात काही स्वरसमूह वाजवतात. ऐकताना अर्ध्या मिनिटात ते संपतात, मग कोर आंग्ले या ओबोच्या जातीच्या वाद्याची प्रसिद्ध धून सुरू होते. ट्यूबा वाजवणाऱ्याला अख्ख्या सिंफनीत या एकाच भागात काम आहे. कंडक्टरने ते सूर थांबवले. पुन्हा घेतले. दुसऱ्या ट्रॉम्बोनला थोडं कमी करायला सांगितलं, हॉर्नना श्वास एकत्र घ्यायला सांगितला, मग फक्त खालच्या तिघांना वाजवायला लावलं. बाकी साठ-सत्तर माणसं वाद्यं मांडीवर घेऊन गप्प बसून होती. दहा-बारा मिनिटं तेच चाललं. आणि मग एका वेळी ते सूर असे जुळले की सभागृहातली हवाच बदलल्यासारखी वाटली. इंजिनियर माझ्याकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “आणि या बारा मिनिटांत बाकीच्यांनाही पगार चालूच होता?” मी म्हटलं, “हो, आणि त्यांनी ऐकलं म्हणून पुढचं सगळं त्या सुरात लागलं.” त्या वर्षी त्यांनी एका अख्ख्या तालमीच्या खर्चाएवढी देणगी दिली आणि त्यानंतरही देत आले. त्यांना मी मागितलं होतं, नाही असं नाही. पण मागताना मला काही रंगवून सांगावं लागलं नाही.

इथे एक धोका आहे. ‘तुमच्या पैशांतून ही तालीम झाली’ असं लेखी दिलंत तर ती देणगी त्या तालमीपुरती बांधली जाऊ शकते, आणि कार्यक्रम रद्द झाला तर पैसे अडकतात. म्हणून पत्रात लिहावं की ही रक्कम ऑर्केस्ट्राच्या सर्वसाधारण कामकाजासाठी आहे आणि एका तालमीला साधारण एवढा खर्च येतो. सन्मान तालमीच्या नावाने करा, अट घालू नका. मसुदा वरिष्ठांना दाखवल्याशिवाय पाठवू नका. खुर्च्यांना नावं देण्याचंही तसंच. कार्यक्रमपत्रिकेत वादकांच्या यादीत ‘अमुक कुटुंबाची खुर्ची’ असं छापतात, त्यामागे कधी कायम निधी असतो तर कधी दरवर्षी नव्याने दिलेली रक्कम. दोन्हींचे करार अगदी वेगळे.

नावांबद्दल बोलायचं तर न्यूयॉर्कचं उदाहरण. लिंकन सेंटरमधलं फिलहार्मोनिकचं सभागृह १९६२ मध्ये उघडलं. हाय-फाय यंत्रं बनवणाऱ्या एव्हरी फिशर यांनी १९७३ मध्ये १ कोटी ५ लाख डॉलर दिले आणि त्याला त्यांचं नाव लागलं. पुढे मोठ्या नूतनीकरणासाठी नवा दाता हवा होता, तर नाव मोकळं करून घेण्यासाठी २०१४ मध्ये फिशर कुटुंबाला १.५ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. दुसऱ्या वर्षी डेव्हिड गेफन यांनी १० कोटी दिले आणि २०२२ मध्ये सभागृह त्यांच्या नावाने पुन्हा उघडलं. मिळालेल्या देणगीपेक्षा नाव परत घ्यायला जास्त रक्कम लागली. नाव किती वर्षांसाठी, हा प्रश्न देणगी येण्याआधी विचारायचा असतो, हे या क्षेत्राला चांगलंच महागात शिकायला मिळालं.

आता तुमचा रोजचा दिवस. अ‍ॅन्युअल फंडमध्ये मागण्यापेक्षा याद्यांचं काम जास्त असतं. बऱ्याच ठिकाणी टेसिटुरा नावाची प्रणाली आहे. तिच्यात तिकीट खरेदी आणि देणगी एकाच नोंदीत दिसते. तिथून ‘लायबंट’ यादी काढायची, म्हणजे गेल्या वर्षी दिलं पण यंदा अजून दिलेलं नाही असे लोक. तुमचं वर्ष या यादीवर ठरतं. नवा देणगीदार मिळवणं महाग असतं आणि पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुसऱ्या वर्षी परत येत नाहीत. का येत नाहीत? माझ्या मते मुख्यतः पहिली पावती गेल्यानंतर पुढची मागणी येईपर्यंत त्यांना कोणी काही कळवलेलंच नसतं. आभाराचं पत्र दोन-तीन दिवसांत गेलं पाहिजे आणि वर्षात किमान एकदा, काही न मागता, काहीतरी सांगायला संपर्क झाला पाहिजे. आमच्याकडे वादक स्वतः आभाराचे फोन करतात. व्हिओला वाजवणाऱ्या एखाद्या बाईचा ‘काल रात्री तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात ना?’ असा फोन आला तर माणूस ते वर्षानुवर्षं सांगत राहतो. तुम्ही स्वतः व्हायोलिन वाजवता, हा तुमचा मोठा फायदा आहे. वादकांशी तुम्हाला बोलता येईल, त्यांना काय अवघड जातं ते तुम्हाला कळेल. डेव्हलपमेंटमधल्या सगळ्यांनाच हे जमत नाही.

कागदपत्रांतले काही नियम लवकर शिकून घ्या. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी असेल तर करसवलतीसाठी दात्याकडे संस्थेचं लेखी पत्र असावंच लागतं. ७५ डॉलरच्या वरच्या देणगीच्या बदल्यात काही दिलं असेल तर त्याची किंमत लेखी कळवावी लागते: ‘गाला’ मेजवानीचं तिकीट ५०० चं आणि जेवण १८० चं असेल, तर देणगी ३२० चीच. वयस्कर देणगीदारांसाठी दोन वाटा मोलाच्या आहेत. भाव वाढलेले आणि वर्षाहून जास्त काळ जवळ असलेले शेअर थेट दिले तर त्यावरचा भांडवली नफ्याचा कर त्यांना भरावा लागत नाही. आणि साडेसत्तर वर्षं पूर्ण झाली की निवृत्तीच्या आयआरए खात्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत थेट संस्थेला पैसे देता येतात, तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. तुम्ही सल्लागार होऊ नका, त्यांच्या अकाउंटंटला विचारायला सांगा. पण ही वाट आहे एवढं सुचवणं हेही तुमचंच काम. २०१७ च्या करबदलानंतर सरसकट वजावट (देणगी दिली-न दिली तरी मिळणारी) जवळजवळ दुप्पट झाली, त्यामुळे लहान देणगीदारांतल्या बहुतेकांना बरीच वर्षं देणगीवर कर वाचत नव्हता. २०२६ पासून त्यांनाही रोख देणगीवर थोडी वजावट मिळते, पण बोलण्याचा मुख्य मुद्दा तो नव्हे. ती माणसं संगीतासाठी देतात, त्यांच्याशी संगीताबद्दलच बोला.

प्रत्यक्ष मागण्याबद्दल माझा सल्ला अगदी साधा आहे. रक्कम स्पष्ट सांगा, कारण सांगा आणि मग गप्प बसा. “गेल्या वर्षी तुम्ही २५० दिलेत. यंदा ५०० चा विचार कराल का? तेवढ्यात तालमीची अडीच मिनिटं होतात.” यानंतरची शांतता अवघड वाटते आणि नवशिके ती भरायला लागतात: नाही जमलं तर काही हरकत नाही, कमी दिलं तरी चालेल. समोरचा विचार करत असतो, त्याला करू द्या. नकार आला तर पुढचं पाऊल ठरलेलं असावं, की तरीही यंदाच्या एखाद्या खुल्या तालमीला या. आजारपण, घटस्फोट, नोकरी गेलेली, अशी कारणं लोक फोनवर मोकळेपणाने सांगतात. ती ऐकून घ्यावीत, नोंदीत मात्र त्यांना स्वतःला वाचायला आवडेल तेवढंच लिहावं.

उच्चार आणि रंगरूप याबद्दल खोटा दिलासा देत नाही. काही घरांत पहिली पाच मिनिटं तुम्ही मूळच्या कुठल्या यावरच जातात. माझ्या बाबतीत ती वाया गेली नाहीत, कारण झुबिन मेहता मुंबईचे, ते १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते, हे ऑर्केस्ट्राच्या जुन्या श्रोत्यांना माझ्याआधीच माहीत असतं. तिथून गप्पा सुरू होतात. एका बाबतीत मात्र सावध राहा. भारतीय आडनावाच्या कुटुंबांची यादी तुमच्या हातात ठेवून ‘हे तुम्ही बघा, दिवाळीला एक बॉलीवूडचा कार्यक्रम करू’ असं कोणीतरी म्हणेल. कार्यक्रम जरूर करा. पण त्या कुटुंबांना फक्त तेवढ्यापुरतं बोलावणं मला पटत नाही. त्यांची मुलं याच ऑर्केस्ट्राच्या युथ विभागात चेलो वाजवत असतात आणि आईवडील दर शनिवारी गाडी घेऊन बाहेर थांबलेले असतात. त्यांना त्या मुलांच्या निमित्ताने भेटा, मालरच्या सिंफनीच्या कार्यक्रमालाही बोलवा. आमच्याकडे त्या कुटुंबांतले काही जण आता विश्वस्त मंडळावर आहेत.

कमिशनचं उत्तर सरळ नाही असं आहे. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. माझा पगार आजच्या चेकवर अवलंबून असता तर ऐंशी वर्षांच्या बाईंना मृत्युपत्रात बदल करण्याआधी मुलांशी बोला, असं सांगायला माझं मन धजावलं असतं का? करिअर मात्र नक्की आहे. अ‍ॅन्युअल फंड, मग मेजर गिफ्ट (मोठ्या देणग्या), मग विभागप्रमुख, अशी चढण असते. दर दोन वर्षांनी ऑर्केस्ट्रा बदलणारे लोक या पेशात खूप आहेत. ते पगारात पुढे जातात, पण देणगीदाराचा विश्वास बसायला लागणारा वेळ त्यांना मिळत नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: तूट कायमची आहे आणि तिची लाज बाळगायचं कारण नाही. पैसा वस्तूंकडे ओढला जातो, तुम्ही तो तासांकडे न्यायचा, आणि तेही अटींबाबत काटेकोर राहून. आणि वर्षाचा निकाल नव्या देणगीदारांपेक्षा परत येणाऱ्यांवर ठरतो. बाकी बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. शहर वाढतंय की आटतंय, विश्वस्त स्वतः किती देतात, वादकांचा करार कोणत्या वर्षी संपतो, संगीत संचालक देणगीदारांना भेटायला तयार असतो की नाही. यांतलं काहीच तुमच्या हातात नसतं, पण तुमच्या आकड्यांवर सगळ्याचा परिणाम होतो.

मुंबईबद्दल. एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना शिकवतं, पणजीत चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांच्या हातात व्हायोलिन-चेलो देतं. म्हणजे क्षेत्र आहे, पण नोकऱ्या मोजक्या. आणि नियम पूर्ण वेगळे. तिथे कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी करायचा खर्च, महत्त्वाचा: २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. कला आणि संस्कृती त्या यादीत आहे, पण ती राष्ट्रीय वारसा आणि पारंपरिक कलांच्या शब्दांत मांडलेली असल्यामुळे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या प्रयोगापेक्षा मुलांच्या संगीतशिक्षणाचा प्रस्ताव कंपनीच्या समितीला पटवणं सोपं जातं. शिवाय जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, त्यामुळे फलक लावून मिळणारा पैसा कंपनीच्या मार्केटिंग विभागाकडून मागावा लागतो. व्यक्तींच्या बाबतीत देणगीवरची, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. परदेशातल्या चाहत्यांकडून पैसे घ्यायचे तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतलं खातं हवं. इथलं तंत्र तिथे जसंच्या तसं चालणार नाही. पण तालमीचा हिशेब मांडणं आणि देणाऱ्याला वर्षभर धरून ठेवणं तिथेही लागतंच, आणि ते येणारी माणसं तिथे फार थोडी आहेत.

होकार कळवण्याआधी एवढं करा. संस्थेने करखात्याला दरवर्षी द्यायचे ९९० फॉर्म सार्वजनिक असतात, ते गेल्या काही वर्षांचे काढा. त्यांत देणग्या, खर्च आणि निधी कसा बदलत गेला ते बघा. मुलाखतीत तीन प्रश्न विचारा: गेल्या वर्षीच्या देणगीदारांपैकी किती परत आले, तुमच्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेलं, आणि मला तालमीला बसायला मिळेल का. तिसऱ्या प्रश्नावर ‘त्याची गरज काय?’ असं उत्तर आलं तर मी दोनदा विचार करीन. आणि व्हिसाचं आधी बघा. मास्टर्सनंतरचं ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची परवानगी) तुमच्या विषयाला बहुधा बारा महिन्यांचंच मिळेल, आणि विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून जी सूट असते ती स्वतंत्र ऑर्केस्ट्राला सहसा नसते. संस्था तुमच्यासाठी अर्ज करणार का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर आलं की ते एखाद्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा.